नाईकसाहेबांनी जिल्हा परिषद दिली, तिजोरीची चावी मात्र मुंबईतच राहिली

१ जुलै आला की आपल्याकडे कृषी दिन. पंचायत समितीत वसंतराव नाईकांच्या फोटोला हार, दोन झाडं, चार भाषणं, चहा-बिस्कीट. बातमीदार म्हणून मी हे कार्यक्रम बरीच वर्षं कव्हर करतोय. भाषणात हरितक्रांती येते, हायब्रीड ज्वारी येते. सगळं खरं आहे. पण साहेबांच्या आयुष्यातली दुसरी एक बाजू आहे, ती कोणी सांगत नाही. ती आहे पैशाची आणि जमिनीची. म्हणजे गावाचा कारभार कोणी करायचा, त्याला पैसा कुठून यायचा आणि जमीन कोणाकडे राहायची.

हे डोक्यात यायला कारण घडलं. आमच्या वावराच्या रस्त्यावरची पुलिया मागच्या पावसाळ्यात वाहून गेली. ग्रामपंचायतीत गेलो, तर म्हणे निधी बंधित आहे, पाणी-स्वच्छतेवरच खर्च होतो. तालुक्याला गेलो, तर म्हणे जिल्ह्याला विचारा. जिल्ह्याला गेलो, तर म्हणे या हेडला वरून पैसे आले नाहीत. तीन ऑफिसं, तिन्हीकडं शिक्के आहेत, पैसा एकाकडंही नाही. ही तीन मजल्यांची इमारत महाराष्ट्रात ज्या माणसानं उभी केली, तो आपल्याच भागातला. म्हणून त्याची गोष्ट नीट बघू.

वसंतराव फुलसिंग नाईक. जन्म १ जुलै १९१३, यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातलं गहुली. बंजारा समाजाचं घर, तांड्यावरचं. आजोबा चतुरसिंग यांनी ही वस्ती वसवली. त्या काळी तांड्यावर शाळा कुठली? पोरगा आसपासच्या गावी पायी जाऊन शिकला, मग अमरावती, मग नागपूर. मॉरिस कॉलेजात बी.ए. झाले, १९४० मध्ये वकिलीची परीक्षा पास. अमरावतीत पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली थोडी वकिली केली आणि पुसदला परत आले. १९४१ मध्ये नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी लग्न केलं. मुलगी ब्राह्मण, मुलगा बंजारा. दोन्हीकडच्या लोकांनी त्रास दिला. आजही असं लग्न झालं की गावात काय होतं ते आपण बघतो, हे तर ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वीचं आहे.

१९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. हे पद मला महत्त्वाचं वाटतं. नगरपालिका म्हणजे नाली, दिवा, पाणी आणि त्यासाठी घरोघरी वसूल करायची पट्टी. लोकांना सोय पाहिजे आणि पट्टी नको, हा धडा या खुर्चीवर पहिल्या दिवसापासून मिळतो. सहा वर्षं ते तिथं होते. १९५२ ला आमदार झाले. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता. तिथं ते महसूल खात्याचे उपमंत्री. १९५६ ला विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, तेव्हा सहकार आणि नंतर शेती खातं मिळालं. मुंबईत राहायला मिळालेल्या बंगल्याला त्यांनी वर्षा नाव दिलं. आज टीव्हीवर मुख्यमंत्र्यांचा वर्षा बंगला म्हणतात ना, तोच. अंगात सूट, तोंडात पाईप, आणि बोलणं मात्र पऱ्हाटी-ज्वारीचं, असा हा माणूस.

१ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि नाईक महसूलमंत्री. दोन महिनेही झाले नसतील, जून महिन्यात सरकारनं त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. काम असं, की गाव-तालुका-जिल्ह्याचा कारभार लोकांच्या हातात कसा द्यायचा ते सांगा. देशात बलवंतराय मेहता समितीचा अहवाल १९५७ लाच आला होता. मेहतांनी भर दिला होता गटावर, म्हणजे आपल्या पंचायत समितीवर. नाईक समितीनं वेगळं सांगितलं. तालुका लहान पडतो, त्याला इंजिनीअर, डॉक्टर, शेती अधिकारी पोसणं झेपणार नाही, म्हणून जोर जिल्ह्यावर पाहिजे. मार्च १९६१ मध्ये अहवाल आला, २२६ शिफारशींचा. नऊ महिन्यांत! आता एवढ्या वेळात तर समितीच्या मुदतवाढीचं पत्र निघतं.

या समितीनं दोन धीट गोष्टी केल्या. एक, कलेक्टरला जिल्हा परिषदेच्या बाहेर ठेवलं. इंग्रजांच्या काळापासून जिल्हा म्हणजे कलेक्टर, हे डोक्यात बसलेलं. नाईक स्वतः महसूलमंत्री, कलेक्टर त्यांच्याच खात्याचा, तरी त्यालाच बाजूला केलं. दोन, आमदार-खासदारांना परिषदेत जागा ठेवली नाही. गावच्या माणसानं निवडून दिलेला सदस्यच तिथं बसेल. त्यावर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या. प्राथमिक शाळा, दवाखाना, जनावरांचा दवाखाना, गावरस्ते, लहान तलाव ही कामं मंत्रालयातून जिल्ह्याला आली. लोक झेडपीला मिनी मंत्रालय म्हणतात ते उगीच नाही.

आता पैशाचं बघा. शेतसाऱ्याची पावती घरात असेल तर काढा. मूळ सारा काही रुपयांचा, आणि खाली जि.प. उपकर, ग्रा.पं. उपकर. उपकराचा आकडाच साऱ्यापेक्षा मोठा दिसेल. हीच जिल्हा परिषदेची हक्काची कमाई ठरवली होती. साऱ्यावर उपकर, पंचायत समितीनं मागितलं तर त्यात वाढ, जमीन खरेदीच्या मुद्रांकातला वाटा, आणि बाकी सरकारचं अनुदान. गावाकडं घरपट्टी, दिवाबत्ती, पाणीपट्टी.

गोम इथंच आहे. सारा ठरला जुन्या काळात आणि तिथंच गोठला. कोणतं सरकार शेतकऱ्याचा सारा वाढवून मतं घालवेल? सारा वाढला नाही, म्हणजे उपकरही खुरटलेलाच. इकडं शाळा वाढल्या, मास्तर वाढले, दवाखाने वाढले. मग जिल्हा परिषद चालायला लागली सरकारी अनुदानावर, आणि अनुदान येतं ते नावानिशी. हे पगाराचं, हे त्या योजनेचं, इकडचं तिकडं करायचं नाही. कामं जिल्ह्याला दिली, माणसं दिली, पण तिजोरीची चावी मुंबईतच राहिली. हे सगळं खापर एकट्या नाईकांवर फोडणं बरोबर नाही, कारण नंतरच्या कोणीच ती चावी खाली दिली नाही. पण ५ डिसेंबर १९६३ ला कन्नमवारांच्या मागे ते मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत राहिले. सलग ११ वर्षं. ज्याला जिल्हा परिषद आतून-बाहेरून माहीत होती, त्याच्याच हातात राज्याचं बजेट होतं. तेव्हा दुरुस्त झालं असतं, असं मला वाटतं.

विदर्भाच्या लोकांची तक्रार तर अजून जुनी आहे. आपला माणूस एवढी वर्षं वर बसला, तरी सिंचनाचा अनुशेष राहिलाच. १९८४ मध्ये दांडेकर समितीनं तो मोजून कागदावर मांडला, तेव्हा साहेब हयात नव्हते.

जमिनीकडं वळू. ते महसूलमंत्री असताना १९६१ चा सिलिंग कायदा झाला आणि २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला. बारमाही पाण्याची जमीन १८ एकर, कोरडवाहूची मर्यादा भागाप्रमाणे ६६ ते १२६ एकर. आज ३ एकरवाल्याला हे आकडे वाचून हसू येईल. १९७५ मध्ये कोरडवाहूची मर्यादा ५४ एकरांवर आली. मर्यादा सैल होती, आणि ज्याच्याकडं जमीन जास्त होती त्याच्याकडं वकीलही होता. पोरांच्या, भावांच्या, पुतण्यांच्या नावावर वाटण्या झाल्या. पण या कायद्यानं एक गोष्ट केली, ती दुसरीकडं सहसा झाली नाही. खाजगी साखर कारखान्यांच्या ऊसमळ्यांनाही त्यात ओढलं. ती हजारो एकर जमीन सरकारनं घेतली आणि १९६३ मध्ये शेती महामंडळ काढून त्याच्याकडं दिली. पण ती मुळात कारखान्यांनी शेतकऱ्यांकडून खंडानं घेतलेली होती. त्या खंडकऱ्यांना आपली जमीन परत मिळायला पुढे कित्येक दशकं मोर्चे काढावे लागले. कारखान्याकडून सुटली आणि सरकारकडं अडकली.

तसंच नवी मुंबईचं. मुंबईत माणूस मावेना, झोपड्या वाढल्या. १९७१ मध्ये झोपडपट्टी कायदा झाला, पण त्याआधीच खाडीपलीकडं नवं शहर वसवायचं ठरलं होतं. नाईकांच्या सरकारनं १९७० मध्ये सिडको स्थापन केली. हिशोब सोपा होता. शेतजमीन शेतीच्या भावानं घ्यायची, रस्ते-पाणी करून प्लॉट पाडायचे, वाढलेल्या भावानं विकायचे, आणि त्याच पैशातून शहर बांधायचं. सरकारच्या तिजोरीवर भार कमी. ठाणे आणि आत्ताचा रायगड मिळून ९५ गावांची जमीन यात गेली. हिशोब शहराच्या बाजूनं बरोबर होता, पण वाढलेल्या भावात मूळ शेतकऱ्याचा वाटाच धरला नव्हता. १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर आले, जासईला गोळीबार झाला, पाच माणसं गेली. त्यानंतर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची योजना आली. आज समृद्धी म्हणा, एमआयडीसी म्हणा, जिथं मोजणीचे खुंट पडतात तिथं शेतकरी पहिला प्रश्न हाच विचारतो, की भाव वाढल्यावर आमचं काय.

आता ज्या कामासाठी मी त्यांना मनापासून मानतो ते सांगतो. १९७२ चा दुष्काळ. आमच्या घरी अजून त्याची गोष्ट निघते. लाल मिलो ज्वारी, सुकडी, आणि गिट्टी फोडून सोललेले हात. माझी आजी कामावर होती, वडील लहान होते, टोपली उचलायला जायचे. मे १९७३ मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. एवढी माणसं कामाला लावायची तर कामं मंजूर पाहिजेत, हजेरी पाहिजे, दर आठवड्याला पगार पाहिजे. दहा वर्षांपूर्वी जिल्हा परिषदा उभ्या राहिल्या नसत्या तर खाली हे पेललं असतं का, मला शंका आहे.

याच काळात रोजगार हमीनं मूळ धरलं. कल्पना वि. स. पागे यांची, प्रयोग तासगावकडं १९६५ पासून झालेला. नाईक सरकारनं ती राज्याची योजना केली. मागेल त्याला काम म्हणायला कोणालाही येतं, खरी करामत पैशाची होती. योजनेसाठी वेगळा, नावाचा कर लावायचं ठरलं. साहेबांनी खुर्ची सोडून जेमतेम सहा आठवडे झाले आणि १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर सुरू झाला. नोकरदार, दुकानदार, डॉक्टर, वकील सगळ्यांवर. शहरातल्या दुकान-ऑफिसांच्या इमारतींवर रोजगार हमी उपकर लागला. बागायत जमिनीवरही आकार लागला, म्हणजे पाणीवाला शेतकरीही सुटला नाही. जेवढं गोळा होईल तेवढंच सरकारनं आपल्याकडून टाकायचं. मुंबईतल्या दुकानाच्या शटरवरचा कर गावच्या मजुराच्या हजेरीला आला. योजनेचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. देशाला असा कायदा करायला २००५ उजाडलं.

घरात कोणी मास्तर असेल तर पगाराची स्लिप बघा. व्यवसाय कर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापलेला दिसेल. त्याचं मूळ या दुष्काळात आहे. जिल्हा परिषदेलाही असा एखादा हक्काचा, वाढता कर मिळाला असता, तर तीन ऑफिसांत माझ्या चकरा झाल्या नसत्या. शेतसाऱ्याशी बांधली ती अडकली, व्यवसाय कराशी बांधली ती चालली. दोन्ही कामं एकाच माणसाच्या काळातली.

मधल्या काळात फरक पडला तो उलटाच. १४ व्या वित्त आयोगाचा सगळा पैसा २०१५ पासून थेट ग्रामपंचायतीला आला, झेडपी आणि पंचायत समितीला त्यातलं काहीच नाही. १५ व्या आयोगात थोडा वाटा परत मिळाला. २०२२ पासून तर बऱ्याच जिल्हा परिषदांवर काही वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत, प्रशासक कारभार बघत होते. आमदार-खासदारालाही ज्या सभागृहात जागा ठेवली नव्हती, तिथं निवडून आलेलं कोणीच नव्हतं.

मुख्यमंत्रीपद गेल्यावर साहेब १९७७ मध्ये वाशिममधून लोकसभेवर गेले. काँग्रेसविरोधी लाटेत निवडून आले, हे विशेष. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरमध्ये त्यांचं निधन झालं. वय ६६. गहुलीच्या तांड्यावरून निघालेला माणूस एवढ्या लांब जाऊन गेला. परभणीच्या कृषी विद्यापीठाला २०१३ मध्ये त्यांचं नाव दिलं, ते त्यांच्याच कारकिर्दीत १९७२ ला सुरू झालेलं. राहुरी, अकोला, दापोलीची विद्यापीठंही त्यांच्याच काळातली.

आमच्या शिवारात दुष्काळात बांधलेला पाझर तलाव आहे. आजीनं टोपल्या टाकल्या तो. गाळ भरलाय, पिचिंगचे दगड सुटलेत, पण पाणी थांबतं, आणि खालच्या सात-आठ विहिरी त्याच्यावर आहेत. त्या तलावाकडं जायचा रस्ता तोच, पुलिया वाहून गेलेला. तिचं अंदाजपत्रक गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा तालुक्याहून जिल्ह्याला गेलं. पेरण्या सुरू झाल्यात, बैलगाडी आणि ट्रॅक्टर सध्या लांबच्या धुऱ्यानं फिरून जातात.