नामदार गोखले : पैशाची आणि शब्दाची सचोटी

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव घेतले की शालेय जीवनात ऐकलेली एक गोष्ट आपणा सर्वांना हमखास आठवते. घरून सोडवून आणलेल्या गणितांबद्दल गुरुजींनी छोट्या गोपाळला शाबासकी दिली आणि तो रडू लागला. कारण एक गणित त्याने दुसऱ्याच्या मदतीने सोडविले होते. ही गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली आहे की तिची धार बोथट झाली आहे. शिवाय लहान वयातील कबुली तुलनेने सोपी असते. तेथे गमवायची असते ती केवळ शाबासकी. पुढे गोखले नामांकित प्राध्यापक झाले, तेव्हा तीच कसोटी त्यांच्यापुढे पुन्हा उभी राहिली. तेथे मात्र गमावण्यासारखे पुष्कळ होते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी गोखल्यांकडे पाहायचे ते त्या दुसऱ्या कसोटीच्या प्रकाशात.

गोखल्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. १८७९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि घर उघड्यावर पडले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी दरमहा पाठवू लागले. दुसऱ्याच्या कष्टाच्या पैशावर आपण शिकत आहोत, ही जाणीव गोखल्यांना जन्मभर पुरली. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज असा प्रवास करून १८८४ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बी. ए. झाले.

अशा पदवीधराला त्या काळी सरकारी नोकरी सहज मिळत असे. गोखल्यांनी मात्र १८८५ मध्ये पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाची जागा पत्करली आणि पुढच्या वर्षी ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. आजीव सदस्याने वीस वर्षे संस्थेची सेवा करायची आणि महिना पंचाहत्तर रुपयांत भागवायचे, असा दंडक होता. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे निरनिराळे विषय शिकविले. कॉलेजच्या इमारतीसाठी सुट्टीत गावोगाव फिरून वर्गणीही गोळा केली. हजारो रुपये हातांतून गेले, पण हिशेबाबद्दल त्यांच्याकडे कोणी बोट दाखवू शकले नाही.

याच संस्थेत पैशाच्या सचोटीचा एक कठीण प्रश्न उभा राहिला. आजीव सदस्याने बाहेरची कामे घ्यावीत काय, आणि त्यांतून मिळकत झाल्यास ती कोणाची? १८९० मध्ये गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारले, तेव्हा लोकमान्य टिळकांनी हरकत घेतली. आपला सगळा वेळ आणि सगळी कमाई संस्थेची, असे टिळकांचे म्हणणे होते. संस्थेच्या कामात उणीव येऊ न देता उरलेला वेळ कसा वापरायचा हे ज्याने त्याने ठरवावे, अशी दुसरी बाजू होती. मतभेद विकोपाला गेले आणि त्याच वर्षी टिळकांनी संस्था सोडली. कोणाची बाजू बरोबर, यावर आजही वाद घालता येईल. मात्र ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, भांडण चालले होते ते त्याग किती करायचा यावर. लाभ किती घ्यायचा यावर नव्हे.

सार्वजनिक सभेच्या कामात गोखल्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारखा गुरू लाभला. सरकारी अहवाल वाचायचे, आकडे ताडून पाहायचे, टिपण लिहायचे आणि रानड्यांना ते पसंत पडेपर्यंत पुन्हा पुन्हा लिहायचे, अशी ती कडक शिकवण होती. आधाराशिवाय विधान करायचे नाही, हा संस्कार तेथे दृढ झाला. म्हणूनच १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे लंडनला जाऊन साक्ष देताना, उलटतपासणीतही ते डगमगले नाहीत.

आणि नेमके त्याच लंडनमध्ये त्यांचे पाऊल घसरले. त्या वेळी पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. रँडच्या हाताखालील गोरे सोजिर घरांत शिरून झडत्या घेत होते आणि लोक संतापले होते. पुण्याहून विश्वासातल्या मंडळींची पत्रे गोखल्यांना येत होती. त्यांच्या आधारावर, सोजिरांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले व त्यांतील एकीने जीव दिला, अशी हकीकत त्यांनी मँचेस्टर गार्डियन या वृत्तपत्राला सांगितली. विलायतेत एकच खळबळ उडाली. मुंबई सरकारने आरोप साफ नाकारला आणि पुरावा देण्याची जबाबदारी गोखल्यांवर येऊन पडली.

गोखले परत आले तेव्हा हवा अत्यंत तापलेली होती. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली होती. २७ जुलै रोजी टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली होती. गोखल्यांनी पुरावा शोधला, पण तो हाती लागेना. साक्ष द्यायला कोणी पुढे येईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगितली असती तर दोषाचा वाटा त्यांच्याकडे गेला असता. ती नावे त्यांनी अखेरपर्यंत उघड केली नाहीत. ऑगस्ट १८९७ मध्ये त्यांनी आपले विधान जाहीरपणे मागे घेतले आणि गव्हर्नर, प्लेगचे अधिकारी व सैनिक यांची बिनशर्त माफी मागितली.

या माफीने त्यांना काय मिळाले? इंग्रजांनी खोटे बोलणारा म्हटले, स्वकीयांनी भेकड म्हटले. टिळक तुरुंगात आणि गोखले माफी मागतात, ही तुलना पुण्यात घरोघर झाली. त्याच वर्षीच्या अमरावती काँग्रेसमध्येही त्यांच्याबद्दलची नाराजी लपली नाही. माफी इतकी संपूर्ण असायला हवी होती काय, असे आजही विचारले जाते, आणि तो प्रश्न रास्त आहे. कारण झडत्यांचा जाच तर खराच होता. परंतु जो विशिष्ट आरोप केला तो सिद्ध करता येत नाही, हे कळल्यावर त्याला चिकटून राहणे गोखल्यांच्या बुद्धीला मानवले नाही. जाच खरा आहे म्हणून त्याविषयीचे प्रत्येक विधान खरे ठरत नाही, हा भेद त्यांनी भर वादळात पाळला.

त्यांचे सार्वजनिक जीवन संपले, असे अनेकांना वाटले. ते संपले नाही. १८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात निवडून आले. सुमारे अठरा वर्षांच्या सेवेनंतर १९०२ मध्ये त्यांनी कॉलेजचा निरोप घेतला आणि त्याच वर्षी मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर भाषण केले. शिल्लक दाखविणाऱ्या सरकारला प्रजेचे दारिद्र्य त्यांनी सरकारच्याच आकड्यांतून दाखविले. पुढे मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून १९०७ पर्यंत एक रुपयावर आला, त्यात त्यांच्या सततच्या मागणीचा वाटा मोठा होता. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. स्वतःसाठी वा कुटुंबासाठी पैसा मिळविण्यात शक्ती खर्च करणार नाही, अशी शपथ त्याच्या सभासदांना घ्यावी लागे. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षाच्या आत, पुण्यात त्यांचे देहावसान झाले.

आज परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. उसन्या लेखनाला आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये नियम केले. प्रबंधातील साम्य दहा टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही, साठ टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द, असे त्यांत मोजमाप आहे. हे नियम हवेतच. पण लिहिलेले विधान आपण तपासले होते काय, ते चुकीचे ठरल्यावर मागे घेतले काय, हे कोणत्या यंत्राने मोजायचे? गोखल्यांपुढे असा कोणताही नियम नव्हता. समोर होता तो न सापडलेला पुरावा आणि आपलाच छापून आलेला शब्द. त्या दोहोंतून त्यांनी जी निवड केली, ती आपल्या प्रत्येक निबंधाच्या, प्रत्येक प्रयोगवहीच्या आणि प्रत्येक प्रबंधाच्या पानावर आपल्यालाही करावी लागते.