लक्ष्मणराव किर्लोस्कर : माळरानावरची भट्टी



लोखंडी नांगर म्हटलं की मुलं लगेच लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव सांगतात. पण हा माणूस आधी आपल्यासारखाच मास्तर होता, हे त्यांना सांगून बघा.

जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायचं म्हणून मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. तिथे कळलं की काही रंग डोळ्यांना नीट ओळखू येत नाहीत. रंग सुटले, रेघ मात्र सुटली नाही. यंत्रांच्या आकृत्या काढायला शिकले आणि मुंबईच्याच व्हीजेटीआयमध्ये तेच शिकवू लागले. हक्काची बढती दुसऱ्याला दिली गेली, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला भाऊ रामूअण्णांकडे आले. तिथे सायकलचं दुकान, कडबा कापायची यंत्रं आणि मग नांगर.

शेतकरी काही नांगर घेईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज होता. पहिले सहा नांगर खपायला दोन वर्षं लागली!

आता ओतकाम मुलांना कसं समजवाल? आधी वस्तूचा लाकडी फर्मा करतात. तो वाळूत दाबून काढला की साचा उरतो. भट्टीत कोकवर वितळवलेलं लोखंड त्यात ओततात. निवताना लोखंड आक्रसतं, म्हणून फर्मा मुळातच थोडा मोठा ठेवावा लागतो. शेकडेवारीच्या तासाला हे उदाहरण छान चालतं. आणि इथेच त्या आकृत्यांचा अभ्यास कामी येतो. फर्मा चुकला की ओतलेला प्रत्येक नग चुकलाच.

पुढे बेळगावची जागा सोडायची वेळ आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळ आणि १०,००० रुपये कर्ज दिलं. निवडुंग आणि सापांची जागा होती ती. पण रूळ शेजारीच होते, आणि कच्चं लोखंड व कोक आणायचा, जड नांगर पाठवायचे, तर रेल्वेशिवाय गत नाही. १९१० मध्ये तिथे कारखाना आणि वसाहत उभी राहिली. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफेचा नांगर! मुलं हे विसरत नाहीत.

मला मात्र दुसरीच गोष्ट जास्त मोठी वाटते. वसाहतीत अस्पृश्यता पाळायला बंदी होती. आणि तुरुंग भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या राखणीचं काम दिलं. आपण येरवड्यात राहतो. इथलं नाव काढलं की लोकांना आधी जेल आठवतं. सुटून आलेल्या माणसाला काम मिळणं किती अवघड, हे इथल्या पालकांना वेगळं सांगायला नको. त्या काळी एका मालकाने अशा माणसांच्या हाती रात्रीचा अख्खा कारखाना सोपवला होता.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. पुण्याहून मिरजेकडे रेल्वेने जाल तेव्हा मुलांना खिडकीत बसवा. जुन्या कुंडल रोडच्या पाटीवर आता किर्लोस्करवाडी लिहिलेलं आहे.