३५ वर्षे अबाधित राहिलेली एक फेरी

पश्चिम जर्मनीतील आयफेलच्या डोंगराळ प्रदेशात नूरबर्गरिंगचा जुना मार्ग पसरलेला आहे. दाट जंगल, अंगावर येणारे चढउतार आणि क्षणाचीही चूक माफ न करणारी वळणे अशी त्याची ख्याती. २८ मे १९८३ रोजी येथे १००० किलोमीटर शर्यतीची पात्रता फेरी सुरू होती. पोर्शे ९५६ मोटार घेऊन उतरलेल्या २५ वर्षांच्या स्टेफान बेलॉफने २०.८३२ किलोमीटरची फेरी ६ मिनिटे ११.१३ सेकंदांत पूर्ण केली. ताशी सरासरी २०२ किलोमीटर! या मार्गावर सरासरी दोनशेच्या पुढे नेणारा तो पहिलाच. दुसऱ्या क्रमांकाचा योखेन मास त्याच्याहून पाच सेकंदांहून अधिक मागे राहिला होता.

मात्र दुसऱ्या दिवशी, प्रत्यक्ष शर्यतीत, याच वेगाने त्याचा घात केला. आघाडीवर असताना फ्लान्झगार्टनच्या उंचवट्यावर गाडी हवेत उडाली आणि तिचा चक्काचूर झाला. बेलॉफ स्वतः मात्र सुखरूप बाहेर आला. अफाट वेग आणि त्याला आवर घालणारा संयम, यांच्या ओढाताणीत त्याची सारी कारकीर्द गेली.

बेलॉफचा जन्म २० नोव्हेंबर १९५७ चा, गीसन या शहरातला. वेगाचे पहिले धडे त्याने कार्टिंगमध्ये गिरवले. जमिनीला जवळजवळ टेकलेल्या त्या चिमुकल्या गाडीत वळण किती उशिरापर्यंत ओढायचे आणि ब्रेकवर पाय नेमका केव्हा ठेवायचा, याचे शिक्षण मिळते. जगातील बहुतेक नामवंत चालक याच शाळेत घडले. १९८० मध्ये तो जर्मनीचा कार्टिंग विजेता ठरला आणि त्याच वर्षी एकआसनी मोटारींच्या फॉर्म्युला फोर्ड १६०० मालिकेचेही राष्ट्रीय विजेतेपद त्याने पटकावले. पुढच्या वर्षी जर्मन फॉर्म्युला थ्रीमध्ये तो तिसरा आला. १९८२ मध्ये माउरर संघातर्फे फॉर्म्युला टूमध्ये पदार्पण करताना त्याने सिल्व्हरस्टोन आणि हॉकेनहाइम या पहिल्या दोन्ही शर्यती जिंकल्या. पदार्पणातील या पराक्रमाने साऱ्या युरोपाचे लक्ष त्याच्याकडे वेधले गेले.

पोर्शेने १९८३ मध्ये त्याला आपल्या अधिकृत संघात घेतले. जोडीला होता वयाने १६ वर्षांनी मोठा, अनुभवी ब्रिटिश चालक डेरेक बेल. सहनशक्तीच्या या शर्यतींचे गणित निराळे असते. हजार किलोमीटरच्या शर्यतीसाठी तेव्हा प्रत्येक गाडीला सुमारे ६०० लिटर इंधनाची मर्यादा होती. सतत पाय दाबून धरणाऱ्याची टाकी शेवटच्या टप्प्यात कोरडी पडे. गाडी जपायची, इंधन वाचवायचे आणि सहकाऱ्याच्या हाती ती धडधाकट सोपवायची, हे येथील व्रत. मुळातच उतावळ्या बेलॉफला ते अंगी बाणवायला वेळ लागला. पण ते त्याने आत्मसात केले. त्या वर्षी सिल्व्हरस्टोन, फुजी आणि क्यालामी येथे या जोडीने बाजी मारली. १९८४ मध्ये बेलॉफने मोन्झापासून ऑस्ट्रेलियातील सँडाउनपर्यंत सहा शर्यती जिंकून सहनशक्ती शर्यतींचे चालकांचे विश्वविजेतेपद मिळवले.

त्याच वर्षी तो टायरेल संघातून फॉर्म्युला वनमध्येही उतरला होता. प्रतिस्पर्ध्यांकडे टर्बो इंजिने, तर टायरेलकडे कमी ताकदीचे साधे कॉसवर्थ. परंतु ३ जून १९८४ रोजी मोनाकोत मुसळधार पाऊस कोसळला आणि इंजिनांमधील अंतर पुसले गेले. सर्वांत शेवटून, विसाव्या स्थानावरून निघालेला बेलॉफ एकेकाला मागे टाकत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला. पुढे ॲलेन प्रॉस्ट आणि आयर्टन सेन्ना एवढेच उरले होते. पावसाचा जोर पाहून ३१ फेऱ्यांनंतर शर्यत थांबवण्यात आली. ती थांबवणारा अधिकारी होता बेल्जियमचा ख्यातनाम चालक जॅकी इक्स.

हे यशही टिकले नाही. टायरेलच्या पाण्याच्या टाकीत वजन वाढवण्यासाठी शिशाच्या गोळ्या सोडल्या जात असल्याचे उघड झाले आणि संघाचे त्या मोसमातील सर्व निकाल रद्द झाले. मोनाकोतील तिसरा क्रमांक नोंदवहीतून पुसला गेला. १९८५ मध्ये पोर्तुगालमध्ये सहावा आणि डेट्रॉइटमध्ये चौथा क्रमांक मिळवून त्याने कमावलेले चार गुण, एवढीच फॉर्म्युला वनच्या दप्तरातील त्याची शिल्लक.

त्या वर्षी तो सहनशक्ती शर्यतींमध्ये ब्रून या खासगी संघाकडून पोर्शे ९५६ चालवत होता. १ सप्टेंबर १९८५ रोजी बेल्जियमच्या स्पा येथे त्याच्यापुढे पोर्शेच्याच अधिकृत संघाची गाडी होती आणि तिच्यात होता जॅकी इक्स. ओ रूज हे उतारावरून एकदम चढणीला लागणारे वळण. तेथे दोन गाड्यांना शेजारी शेजारी जाण्याइतकी जागा क्वचितच मिळते. बेलॉफने तेथेच पुढे जाण्याचा प्रयत्न केला. गाड्या एकमेकींना घासल्या आणि बेलॉफची गाडी थेट संरक्षक कठड्यावर आदळली. इक्स बचावला, बेलॉफचे प्राण वाचू शकले नाहीत. तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता. तीनच आठवड्यांपूर्वी कॅनडातील शर्यतीत जर्मनीचा मानफ्रेड विंकेलहॉक जखमी होऊन मरण पावला होता. इक्सनेही त्याच वर्षी सर्किटवरील शर्यतींचा निरोप घेतला.

जर्मनीला फॉर्म्युला वनचा पहिला विश्वविजेता मिळायला त्यानंतर नऊ वर्षे लागली. १९९४ मध्ये तो मान मिळवणारा मायकेल शूमाकर बालपणी बेलॉफलाच आदर्श मानत असे. नूरबर्गरिंगवरील त्या वेळेला मात्र वर्षानुवर्षे कोणी आव्हान दिले नाही. अखेर २९ जून २०१८ रोजी टिमो बर्नहार्डने पोर्शेच्याच ९१९ इव्हो मोटारीतून ५ मिनिटे १९.५५ सेकंदांची वेळ नोंदवून तो विक्रम मोडला. तोवर ३५ वर्षे उलटली होती. ज्या फ्लान्झगार्टनजवळ बेलॉफची गाडी चिरडली, तेथील वळणांना आज त्याचेच नाव आहे.