पस्तीसजणींचं माहेर

सावित्रीबाई म्हटलं की शाळा, पाटी आणि अंगावर आलेलं शेण आपल्याला आठवतं. ३ जानेवारीला शाळेत पोरीबाळी नऊवारी नेसून भाषणं करतात, त्यातही तेवढंच असतं. पण मैत्रिणींनो, या बाईनं आणखी एक काम केलं, आणि ते आपण पोरींसमोर फारसं बोलत नाही. त्यांनी परक्या बायांची चोरून होणारी बाळंतपणं आपल्या घरात केली.

सातारा जिल्ह्यातल्या नायगावात १८३१ साली त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी लग्न झालं, १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यातली शाळा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी सासऱ्यांचं घर सोडावं लागलं. हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे.

त्या काळी आठ-दहा वर्षांची पोर विधवा व्हायची. पुन्हा लग्न नाही. त्यातून घरातलाच किंवा शेजारचा कुणीतरी नादी लावायचा आणि दिवस गेले की नामानिराळा व्हायचा. मग सुरू व्हायचे गर्भ पाडण्याचे उपाय, म्हणजे कुणीतरी आणून दिलेली विषारी औषधं. त्यातूनही मूल जन्मलंच, तर त्याचा जीव घ्यायचा. इंग्रजांच्या १८६० च्या कायद्यात गर्भपाताला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती आणि पोटात मूल हालायला लागल्यावर केला तर सात वर्षांपर्यंत. शिक्षेच्या भीतीनं उपाय थांबले नाहीत, ते अंधाऱ्या खोलीत होऊ लागले, एवढंच.

पुण्यात काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा एका घरी स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. औषधं देऊन पाहिली, गर्भ पडला नाही. नऊ महिने भरले, मुलगा झाला. अब्रूच्या भीतीनं तिनं त्याला मारून विहिरीत टाकलं. तिला जन्मठेप काळ्या पाण्याची झाली. शास्त्र्याचं काय झालं, हे विचारूच नका!

या प्रकरणानं फुले पतिपत्नी हादरून गेली. १८६३ साली त्यांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनी इथं यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा ठेवून जावं, अशा अर्थाच्या जाहिराती ब्राह्मण आळीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर चिकटवल्या. जाहिरात लावणं एक वेळ सोपं, पण रात्री-अपरात्री दार उघडणं, पाणी तापवणं, कळा देणाऱ्या बाईचा हात धरणं हे सगळं सावित्रीबाईंच्या वाट्याचं. स्वतःला मूल नसलेल्या बाईनं हे केलं.

१८८४ साली जोतीरावांनी लिहून ठेवलेला हिशेब वाचला की पोटात कालवतं. तोवर तिथं ३५ विधवा बाळंत झाल्या होत्या. त्यातली पाच मुलं जगली. तीस गेली. आयांनी लपवाछपवीत आधीच घेतलेल्या जहाल औषधांनी पोटातच त्यांची नासाडी झाली होती, असं जोतीरावांचं म्हणणं. दार उघडं होतं, पण बाया दारापर्यंत यायच्या त्या औषधं घेऊन थकल्यावर.

आज कायदा वेगळा आहे. १९७१ च्या कायद्यानुसार ठरावीक कारणांसाठी डॉक्टरकडे गर्भपात करता येतो. २०२१ मध्ये काही परिस्थितींत मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली. गोळ्या मात्र नऊ आठवड्यांच्या आतच, आणि त्याही डॉक्टरच्या देखरेखीखाली. तरी आपल्याकडे नवरा मेडिकलमधून पुडी आणतो आणि बाई न बोलता गिळते. अंगावरून जायला लागलं तरी सासूला सांगत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात तर २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली ८०७ होत्या. तिथं लपवायला काही नव्हतं, पोटात मुलगी होती हाच गुन्हा.

सावित्रीबाईंची माया फक्त विधवांपुरती नव्हती. १८६८ मध्ये त्या माहेरी नायगावला असताना गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा ही महार मुलगी यांना गावकरी मारायला निघाले होते. शारजाला सहावा महिना होता. सावित्रीबाई धावत मधे पडल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली आणि दोघांना जोतीरावांकडे पुण्याला धाडून दिलं. म्हणजे तिघांचा जीव वाचला.

पुढं १८७५ मध्ये पंढरपुरातही असंच गृह निघालं, लालशंकर उमियाशंकर या न्यायाधीशांच्या पुढाकारानं. नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात. पण इकडच्या बाया वारीला तिथं जायच्याच.

१८७४ च्या सुमारास सावित्रीबाईंच्या घरी अशीच एक विधवा आली. तिला मुलगा झाला. फुले पतिपत्नींनी तो दत्तक घेतला, यशवंत नाव ठेवलं आणि डॉक्टर केलं. आप्तांनी नाकं मुरडली असणारच. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा अंत्ययात्रेत टिटवं सावित्रीबाईंनीच धरलं.

१८९७ ला पुण्यात प्लेगनं थैमान घातलं. हडपसरजवळ माळावर यशवंतच्या दवाखान्यात त्या रोगी आणून पोचवायच्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून तिथं आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.