लक्ष्मीबाईंची वेगळी चूल

आजचा शास्त्रभाग : १ थेस्सलनीकाकरांस ५:१६-१८



आजच्या तीन छोट्या वचनांत पौल आपल्यापुढे तीन गोष्टी ठेवतो : आनंद, प्रार्थना आणि उपकारस्तुती. पहिल्या दोन मी निदान प्रयत्नाने तरी करते. तिसरीला मात्र अडते. आणि चर्चमध्ये नाही, घरात अडते.

माझ्या प्रार्थनेच्या वहीत दोन रकाने आहेत, ‘विनंत्या’ आणि ‘आभार’. परवा सकाळी लालबागच्या आमच्या खोलीत वही मागे चाळत होते, तेव्हा लक्षात आलं. गेली तीन वर्षं आईचं नाव रोज विनंत्यांमध्ये आहे. तिनेही प्रभूला स्वीकारावं म्हणून. आभारांमध्ये ते एकदाही नाही. मी हे बघत होते तेव्हा आई पाच पावलांवर होती. देवापुढे दिवा लावून झाला होता आणि ती माझ्यासाठी चहा टाकत होती.

तेव्हा मला लक्ष्मीबाई टिळक आठवल्या.

आपण ज्यांची गीतं उपासनेत गातो, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या या पत्नी. जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा घरात धुऊन घ्यायचे. अकराव्या वर्षी लग्न झालं. शाळा नाहीच, अक्षरओळख करून दिली ती नवऱ्याने. टिळक कवी, विद्वान, मनाचे उदार. पण रागीट, आणि पायाला भिंगरी. कधी न सांगता घरातून निघून जातील, कधी हातातले पैसे दुसऱ्याला देऊन मोकळे होतील, नेम नाही. संसार बाईंनी सांभाळायचा.

नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने टिळकांना नवा करार दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचलं आणि त्यांचं मन तिथेच गुंतलं. १० फेब्रुवारी १८९५ ला, आपल्या याच मुंबईत, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही साक्ष आपण सभेत ऐकतो तेव्हा बहुतेक वेळा इथेच थांबतो. हालेलूया म्हणतो आणि घरी जातो. पण ती बातमी घरी पोहोचली तेव्हा काय झालं असेल? लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या, पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत आहे, पण आता आपला नाही. दुःखाने त्या वेड्यापिशा झाल्या. नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढले, पंढरपूरला राहिल्या. त्या एकटेपणातच त्यांना कविता सुचू लागली.

पुढे काही वर्षांनी त्या नगरला टिळकांकडे परत आल्या, पण ख्रिस्ती व्हायला नाही. नवरा हवा होता, त्याचा धर्म नको होता. म्हणून चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं जसंच्या तसं. आणि टिळकांनी, एवढ्या तापट माणसाने, या बाबतीत बळजबरी केली नाही. वाट पाहिली.

मग एक दिवस बाईंच्या मनात आपणहून प्रश्न उभा राहिला, की ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर सापडलं तसं त्यांनी ठरवून टाकलं की आजपासून कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं. त्यानंतर, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांनंतर पाच वर्षांनी. माझी तीन झाली तर मी प्रभूकडे रोज तक्रार करते!

त्याच सुमाराच्या भयंकर दुष्काळात उपाशी पोरं त्यांच्या घरात आली. मीठ धुणाऱ्या बापाच्या लेकीने त्यांना जेवू घातलं, न्हाऊमाखू घातलं. नंतर बालकवी ठोमरे त्यांच्याकडे राहिले. ते ख्रिस्ती नव्हते, तरी बाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं.

विश्वास आला म्हणून संसार एकदम गुळगुळीत झाला असं नाही हं. टिळकांचा राग होताच, भांडणंही होती. ९ मे १९१९ ला भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात टिळक प्रभूमध्ये झोपी गेले. त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईने त्यात ६४ अध्यायांची भर घातली. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग पुस्तकरूपाने येऊ लागले आणि १९३६ मध्ये त्या गेल्या. ते पुस्तक जरूर वाचा. सोवळं, गरिबी, नवऱ्याचा राग, ताटातूट, सगळं त्यात आहे, पण कडवटपणा नाही. स्वतःवरही त्या मनापासून हसतात. ज्या घराने रडवलं त्याच घराबद्दल इतक्या प्रेमाने लिहिता येणं, मला वाटतं ही उपकारस्तुतीच आहे.

आता माझ्याकडे वळते. आमच्या खोलीत चूल एकच आहे. वेगळी मांडली आहे ती मी, मनात. आई प्रभूकडे वळली की मग तिच्यासाठी आभार मानू, असं जणू मी ठरवूनच टाकलं होतं. पण माझं बायबल मिटेपर्यंत ती मिक्सर लावत नाही. रविवारी मला उशीर होऊ नये म्हणून मला तीच उठवते. माझ्या बाप्तिस्म्यानंतर चाळीत कुजबुज झाली, तेव्हा माझी बाजू घेऊन गॅलरीत भांडली ती हीच. हे सगळं प्रभूने मला रोज दिलं, आणि मी ते विनंत्यांच्या रकान्यात ढकलत राहिले.

विनंती मी सोडणार नाही. पण आज पहिल्यांदा आईचं नाव दुसऱ्या रकान्यात लिहिलं. मग चहाचा कप घेताना तिला तोंडाने थँक्यू म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि ताप आहे का ते बघायला माझ्या कपाळाला हात लावला.

आज एवढंच करा : घरातल्या ज्या माणसासाठी तुम्ही फक्त मागत आलात, त्याच्यासाठी एक आभार लिहा. आणि जमलं तर त्याला सांगा.

प्रार्थना : हे प्रभू, ज्यांनी मला वाढवलं त्यांच्यामधून तू मला काय काय दिलंस ते पाहायला माझे डोळे उघड. वाट पाहण्याचा धीर दे, आणि वाट पाहताना आभार मानायला शिकव. येशूच्या नावाने मागते. आमेन.