सरखेल कान्होजी आंग्रे

हर्णैच्या किनाऱ्यावरून समुद्रांत सुवर्णदुर्ग दिसतो. त्याच्या तटाचा कांहीं भाग तर अखंड कातळांतूनच कोरून काढलेला आहे. कान्होजी आंग्रे यांच्या उदयाचा हा साक्षीदार होय. पुढें ते मराठ्यांचे सरखेल झाले. १७१३ सालीं त्यांनीं शाहू महाराजांचा पक्ष स्वीकारला. इंग्रजांनीं १७१८ सालीं खांदेरीवर व १७२१ सालीं पोर्तुगीजांसह कुलाब्यावर चाल केली. दोन्ही वेळां त्यांस हात हालवीत परतावें लागलें.

१७२९ सालीं कान्होजी निवर्तले आणि पुत्रांत कलह माजला. १७५५ सालीं पेशव्यांशीं संगनमत करून इंग्रजांनीं सुवर्णदुर्ग घेतला. पुढील वर्षीं विजयदुर्गास आंग्र्यांचें आरमार जळून गेलें. परकीयांच्या तोफांना जें साधलें नव्हतें, तें स्वकीयांच्या दुहीनें साधलें. विद्यार्थिबंधूंनो, ते भग्न बुरूज पाहतांना एवढें मनांत असूं द्यावें.