७ डिसेंबर : मिलानचे पालक संत अम्ब्रोज

इटलीच्या राष्ट्रीय सुट्ट्यांच्या यादीत ७ डिसेंबर सापडत नाही. तरीही त्या दिवशी मिलानमधील शाळा, सरकारी कचेऱ्या आणि बहुतेक कंपन्या बंद असतात. रोममध्ये वा तुरिनमध्ये मात्र नेहमीचे काम चालते. ही सुट्टी मिलानचे पालक संत अम्ब्रोज यांची. संतांचे स्मरण बहुधा पुण्यतिथीला होते. हा दिवस मात्र पदग्रहणाचा आहे, आणि ते पद त्यांनी मागितलेले नव्हते.

अम्ब्रोज यांचा जन्म इ.स. ३३९च्या सुमारास, आज जर्मनीत असलेल्या ट्रियर येथे, बड्या रोमन अधिकाऱ्याच्या घरी झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन ते मिलानचे प्रांताधिकारी झाले. ३७४ मध्ये तेथील बिशप वारले आणि उत्तराधिकाऱ्यावरून दोन पंथ हातघाईवर आले. बंदोबस्तासाठी चर्चमध्ये गेलेल्या या अधिकाऱ्याच्याच नावाचा जमावाने घोष केला. त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता! तो उरकून आठवडाभरात त्यांना बिशप करण्यात आले. त्यांनी आपली संपत्ती वाटून टाकली. पुढे ३८७ मध्ये ऑगस्टीन यांना बाप्तिस्मा दिला तो त्यांनीच.

त्यांची खरी कसोटी ३९० मध्ये लागली. थेसालोनिकीत एका सेनाधिकाऱ्याची हत्या झाली आणि सूडापोटी सम्राट थिओडोसियसच्या सैन्याने हजारो नागरिकांची कत्तल केली. अम्ब्रोज यांनी सम्राटाला चर्चच्या दारात अडवल्याची कथा चित्रकारांना प्रिय आहे. प्रत्यक्षात त्यांनी एक खाजगी पत्र लिहून, प्रायश्चित्ताशिवाय पवित्र प्रसाद देता येणार नाही, असे कळवले. सम्राटाने राजचिन्हे उतरवून जाहीर प्रायश्चित्त घेतले. परंतु दोनच वर्षांपूर्वी, सध्याच्या सीरियातील रक्का येथे ख्रिस्ती जमावाने जाळलेले सिनेगॉग तेथील बिशपने बांधून द्यावे, हा याच सम्राटाचा न्याय्य हुकूम अम्ब्रोज यांनी याच धाकाने मागे घ्यायला लावला होता. गौरवग्रंथांत हा प्रसंग ओझरता येतो. तो विसरू नये. ४ एप्रिल ३९७ रोजी त्यांचे निधन झाले.

मिलानला जाणाऱ्यांनी ७ तारखेस बैठक ठेवू नये. ८ डिसेंबरला मेरीमातेच्या सणाची देशभर सुट्टी असल्याने अनेक मिलानवासी शहराबाहेर पडतात; रेल्वेची आणि हॉटेलची आरक्षणे आधीच करावीत. ७ तारखेच्या संध्याकाळी ला स्काला नाट्यगृहाचा ऑपेरा हंगाम सुरू होतो. १९५१पासूनची ही प्रथा आहे. त्या प्रयोगाची तिकिटे अतिशय महाग असतात, शिवाय भोवतालचे रस्ते बंदोबस्तामुळे अडतात. ‘ओ बेज! ओ बेज!’ ही जुनी जत्रा पूर्वी संतांच्या बॅसिलिकेभोवती भरे, आता स्फोर्झा किल्ल्यापाशी भरते. लहान मुले बरोबर असल्यास तिथे सकाळीच जावे.

बॅसिलिकेसाठी मेट्रोच्या हिरव्या मार्गावर सांत अम्ब्रोजो स्थानकात उतरावे. खांदे व गुडघे झाकलेले असावेत. वेदीखालच्या तळघरात काचेच्या पेटीत, दोन हुतात्म्यांच्या मध्ये, अम्ब्रोज यांचा सांगाडा बिशपच्या वस्त्रांत ठेवलेला दिसतो.